घाटात काच धुरकटते तेव्हा

प्रश्न : पावसाळ्यात माळशेज घाटात गाडीची पुढची काच सारखी धुरकट होते. पुसून पुसून हात दुखतो. काय करावं?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : आधी काचेला आतून बोट लावून बघा. ओल आत असेल, तर ती तुमच्या श्वासाची, भिजलेल्या कपड्यांची आणि हो, गाडीत बसून खाल्लेल्या गरम भज्यांचीही. (भजी सोडा, असं मी म्हणणार नाही.) एसी लावा, झोत काचेकडे वळवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा, बहुतेकांचं चुकतं ते इथेच. एसी हवेतली ओल काढून घेतो. थंडी वाजली तर तापमान वाढवा, एसी बंद करू नका. ओल बाहेरून असेल, तर मात्र काच फार गार झाली आहे : वायपर फिरवा, झोत काचेवरून हटवा. आणि फडकं शेजारी बसलेल्याकडे द्या, चालकाच्या हातात नको.