शाई, पांढरं मलम आणि कोलॅजेन

भाजल्यावर काय लावायचं हे चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या आमच्या इमारतीत प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कामाला येणाऱ्या अक्का म्हणाल्या, पेनातली शाई ओता. समोरच्या बिऱ्हाडातून टूथपेस्ट आली, खालच्या औषधाच्या दुकानातून पांढरं मलम आलं. आणि जिचा हात उकळत्या आमटीने भाजला होता त्या माझ्या सासूबाई, म्हणजे आई, अस्सल सोलापूरच्या, मधासाठी हटून बसल्या होत्या. मी ऑफिसातून घरी पोचले तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत शाई होती आणि शाईवर मलमाचा जाड थर. पाणी मात्र कुणी धड ओतलं नव्हतं, कारण मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चटका देतं.

त्या पाण्यापासूनच सांगते. भाजलेला भाग लगेच, निदान २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचा. पहिले तीन तास उलटेपर्यंत तरी याचा उपयोग होतो. बर्फ नको. चेन्नईत उन्हाळ्यात नळाचं पाणी तापलेलं असेल तर पिण्याचा २० लिटरचा कॅन उघडून तो हातावर हळूहळू रिकामा करावा. नवा कॅन मागवता येतो. तेवढ्यातच बांगड्या, अंगठ्या, घड्याळ उतरवायचं. आईंनी पाटल्या काढू दिल्या नाहीत. रात्री हात सुजला, साबण लावूनही त्या हलेनात, आणि दुसऱ्या दिवशी सोनाराकडून कापून घ्याव्या लागल्या. सोन्याचं दुःख त्यांना हाताच्या दुःखापेक्षा जास्त झालं, असं माझं मत आहे.

शाई आणि मलम यांनी जखम बिघडते का, हा प्रश्न तसा दुय्यम. मुख्य घोटाळा हा, की त्यांनी जखम दिसेनाशी होते. भाजणं किती खोल आहे हे डॉक्टर डोळ्यांनी आणि बोटाने ओळखतात. लाल, ओलसर, झोंबणारी कातडी दाबली की पांढरी पडते आणि बोट उचलल्यावर पुन्हा लाल होते, म्हणजे जखम उथळ. पांढरट किंवा गडद लाल, दाबूनही रंग न बदलणारी, कमी दुखणारी जखम खोल. ‘दुखत नाही, म्हणजे बरं आहे’ हा समज म्हणूनच घातक. शिवाय भाजलेली जागा पहिले दोन-तीन दिवस आतल्या आत बदलत राहते. आज उथळ वाटलेली परवा खोल निघू शकते. निळ्या शाईखाली यातलं काय कळणार? डॉक्टरांकडे नेईपर्यंत स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिक फिल्म जखमेवर लांबीने नुसती ठेवली तर हवा लागून होणारी आग कमी होते आणि जखम उघडी न करता पाहता येते. फिल्म गुंडाळायची मात्र नाही, सुजेवर ती आवळते.

पांढरं मलम म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन. अमेरिकेत चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ मध्ये ते वापरात आणलं आणि मोठ्या भाजण्यातल्या जंतुसंसर्गावर त्याने खरोखर काम केलं. पण ते जखमेवर पिवळट साय धरतं, ती रोज धुऊन काढावी लागते, आणि रोज धुताना नवी कातडीही दुखावते. भाजल्यावरच्या ड्रेसिंगवरचा, कॉक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१३ सालचा आढावा सांगतो की उथळ भाजण्यात या मलमापेक्षा इतर बऱ्याच ड्रेसिंगांनी जखमा लवकर भरल्या. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना, गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना तर ते विचारल्याशिवाय लावूच नये. आपल्याकडे ते काउंटरवर साबणासारखं मिळतं.

दोन दिवसांनी जवळच्या एका क्लिनिकमध्ये आईंना कोलॅजेनची शीट लावली गेली. महाग, म्हणजे उत्तम, असं सगळ्यांनाच वाटलं. कोलॅजेनला मी नावं ठेवणार नाही. १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था इथून जवळच, अड्यारला आहे. जनावरांच्या कातड्यातल्या कोलॅजेनपासून जखमेवरचे पापुद्रे बनवण्याचं काम तिथे झालं. याच शहरात डॉ. मातंगी रामकृष्णन यांनी भाजलेल्या मुलांवर ते वापरून त्याबद्दल लिहिलं. ताज्या, धुतलेल्या, उथळ जखमेवर बसवली की शीट सुकून चिकटते, वेदना कमी होतात, रोजचं ड्रेसिंग टळतं आणि खाली कातडी आली की ती कडेने सुटते. पण त्यासाठी जखम ताजी आणि स्वच्छ हवी. आईंच्या जखमेवर शाई आणि मलमाचे अवशेष होते, त्यात मधुमेह. शीटखाली पाणी साठलं, मग पू, मग ताप. वास आला तेव्हा कळलं. शीट स्पिरिटमध्ये भिजवून पाकिटात येते आणि लावण्याआधी सलाईनने धुवावी लागते, हेही नंतर समजलं. ती न धुता लावल्याने आई किंचाळल्या होत्या. आणि ती जनावराच्या कातड्यापासून होते हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. शाकाहारी घरात हे विचारून घ्यावं. माशांपासूनही बनवतात.

पुढे ज्या प्लास्टिक सर्जनबाईंनी हात बरा केला, त्यांनी साधेच थर दिले. जखमेलगत न चिकटणारी पॅराफिनची जाळी, तिच्यावर पाणी शोषणारे गॅमजी पॅड, वर सैल रोलर बँडेज. जाळीचा हा प्रकार पहिल्या महायुद्धात सिनेमावाल्या ऑग्युस्त ल्युमिएर यांच्याकडून आला, हे ऐकून आईंचीही करमणूक झाली. कापूस थेट जखमेवर ठेवायचा नाही; धागे रुततात. बोटं भाजली असतील तर प्रत्येक बोट वेगळं बांधायचं. चेन्नईच्या दमट हवेत वरचा थर घामाने किंवा पाण्याने ओला झाला की ठरलेल्या दिवसाची वाट न बघता बदलायचा, कारण ओल्या वाटेने जंतू आत जातात. सिलिकॉनचा फोम किंवा चांदीचं ड्रेसिंग महाग असलं तरी काही दिवस तसंच राहतं. खर्च मोजायचा तर एका पट्टीचा नको. बरं होईपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या, रिक्षा, खर्ची पडलेली रजा आणि प्रत्येक वेळच्या वेदना धरून मोजावा.

मधाबद्दल आई अगदीच चुकीच्या नव्हत्या. सोलापूरच्याच डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना केली, आणि मध सरस ठरला. पण १९९९ मध्ये त्यांनीच दाखवलं की मध्यम भाजण्यात मधाच्या ड्रेसिंगपेक्षा मेलेली कातडी लवकर छाटून ग्राफ्ट (कातडीचं रोपण) करणं चांगलं. आणि पोळ्यातला मध वेगळा, निर्जंतुक केलेला औषधी मध वेगळा. आईंना हा दुसरा भाग ऐकवला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर सोलापूरचे आहेत ना, मग मानते.’

कोपराजवळचा तळहाताएवढा तुकडा तीन आठवडे उलटले तरी भरेना. अशी जखम तशीच ठेवली तर जाड व्रण येतो, सांधा आखडतो. म्हणून मांडीची कातडी काढून ग्राफ्ट केलं. मांडीवरची ती जागा मूळ जखमेहून जास्त दुखते, हे आधी कळलं तर मन तयार राहतं. अशा जागेसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं निर्जंतुक ड्रेसिंग तयार केलं होतं. ते न चिकटता निघतं आणि अगदी स्वस्त पडतं. ऐकून अक्का खूश झाल्या. त्या पानावर जेवतात, लावायची कल्पना मात्र त्यांना सुचली नव्हती. म्हणून इथेच बजावते: हे बाजारातून पान आणून घरी करायचं काम नव्हे.

चेहरा, हात, पाय, जननेंद्रियं किंवा सांधा भाजला, वीज किंवा रसायनाने भाजलं, रुग्ण लहान मूल, वृद्ध किंवा मधुमेही असेल, किंवा जखम रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी असेल (बोटांसह तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का), तर पट्टी निवडायच्या भानगडीत घरी पडूच नये. ड्रेसिंग करणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: जखम किती खोल वाटते, पुन्हा कधी उघडून बघणार, आणि ही पट्टी मधेच का काढावी लागेल. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे आपण सांगावं.

आता आईंच्या हाताला खाज सुटते. दिवसातून दोनदा खोबरेल तेल चोळतो, आणि निदान वर्षभर तरी ऊन लागू द्यायचं नाही म्हणून बाही लांब. चेन्नईच्या उन्हात त्या यावरही कुरकुरतात, पण बाही घालतात.