संगणक-कार्यशाळा : काय शिकावे, कसे शिकावे?



आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे काही वाटेनासे झाले आहे. परंतु या युगात आपला मुलगा, आपली मुलगी नेमकी कुठे उभी आहे, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही. तिरोडा, मुंडीकोटा, काचेवानी या भागातील अनेक घरांनी धान विकून, विड्या वळून मिळालेल्या पैशातून मुलांना नागपूर-पुण्याच्या संगणक वर्गांत पाठविले. मुले प्रमाणपत्र घेऊन परत आली. त्यातील काही आज चांगल्या नोकरीत आहेत. काहींच्या हातात मात्र फक्त प्रमाणपत्रच राहिले. असे का घडले आणि ते कसे टाळता येईल, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे. संगणकासाठी आज्ञावली लिहिणे, म्हणजे प्रोग्रामिंग, ज्यांना व्यवसाय म्हणून शिकायचे आहे आणि त्यासाठी ‘फ्रेमवर्क’च्या कार्यशाळेला जे जाणार आहेत, त्यांच्यासाठी तो प्रामुख्याने लिहिला आहे.

१) फ्रेमवर्क म्हणजे काय?

आपण धानाच्या मुलखातले लोक आहोत, तेव्हा उदाहरणही धानाचेच घेऊ. घरात सूप असते. आपल्याला हवे तेव्हा आपण ते हातात घेतो, पाखडतो आणि ठेवून देतो. कधी, किती आणि काय पाखडायचे हे आपण ठरवितो. राइस मिलमध्ये मात्र तसे नसते. तिथे आधी धान स्वच्छ होणार, मग टरफल निघणार, मग तांदळाला पॉलिश होणार, हा क्रम मिलने ठरविलेला असतो. आपण धान नेमक्या जागी टाकायचे आणि यंत्र आपल्याला हवे तसे लावून घ्यायचे, एवढेच आपल्या हाती असते.

प्रोग्रामिंगमध्ये ‘लायब्ररी’ ही सुपासारखी असते. आपला कोड तिला हाक मारतो. फ्रेमवर्क हे राइस मिलसारखे असते. कामाचा क्रम त्याचा असतो आणि योग्य वेळी तेच आपल्या कोडला हाक मारते. हा एक फरक नीट कळला की पुढचा निम्मा गोंधळ कमी होतो. ‘मी लिहिलेले हे फंक्शन कोणी चालविले? मी तर कुठेच चालविले नाही!’ असा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. त्याचे उत्तर याच फरकात आहे.

मिलची सोय मोठी आहे, पण एक धोकाही आहे. ज्याला फक्त बटन दाबता येते, त्याचा तांदूळ तुटून कणी जास्त निघू लागली, तर धान ओले होते की यंत्र बिघडले हे त्याला सांगता येत नाही. फ्रेमवर्कच्या आज्ञा फक्त पाठ केलेल्या विद्यार्थ्याची अवस्था अशीच होते.

२) साधने जातात, पाया राहतो

एके काळी गावोगावच्या संगणक वर्गांत फॉक्सप्रो शिकवीत असत. त्यानंतर व्हिज्युअल बेसिकची लाट आली. व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती १९९८ ची. मायक्रोसॉफ्टने तिचा आधार २००८ साली थांबविला. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची, नववी आवृत्ती २००४ साली निघाली आणि २०१५ साली तिचाही आधार संपला. पायथन भाषेची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून निवृत्त झाली.

ज्यांनी फॉक्सप्रोच्या फक्त आज्ञा पाठ केल्या होत्या, त्यांचे ज्ञान फॉक्सप्रोबरोबर गेले. परंतु तक्ता म्हणजे काय, दोन तक्त्यांचे नाते कसे जोडतात, इंडेक्समुळे शोध जलद का होतो, हे ज्यांनी समजून घेतले होते, त्यांना पुढचे कोणतेही साधन परके वाटले नाही. कारण ती कल्पना कोणा एका कंपनीची नव्हती. आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी ती १९७० साली मांडली आणि आजचे बहुतेक व्यवहार तिच्यावरच उभे आहेत.

भाषेचेही तसेच आहे. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केलेली ‘सी’ भाषा आजही शिकविली जाते. आपल्या नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावरून देशभरातील विद्यार्थ्यांनी ती शिकून घेतली. हे पुस्तक विदर्भातल्या माणसाने लिहिले, याचे स्मरण आपल्या मुलांना करून दिले पाहिजे.

३) एक उदाहरण : वाचनालयाची देवघेव

समजा, आपल्या वाचनालयाच्या नोंदी संगणकावर घ्यायच्या आहेत. नवखा विद्यार्थी एकच मोठा तक्ता करतो. त्यात पुस्तकाचे नाव, सभासदाचे नाव, पत्ता, तारीख असे सर्व असते. काही दिवसांनी एकाच सभासदाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले आढळते. पत्ता बदलला तर दहा ठिकाणी दुरुस्ती करावी लागते आणि त्यातल्या दोन राहून जातात.

म्हणून तीन तक्ते करावेत : ‘पुस्तके’, ‘सभासद’ आणि ‘देवघेव’. देवघेवीच्या तक्त्यात नाव न लिहिता फक्त पुस्तक क्रमांक, सभासद क्रमांक, दिल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख लिहावी. नाव एकाच ठिकाणी राहिले, म्हणजे दुरुस्तीही एकाच ठिकाणी होते. हे काम आधी कागदावर करावे. त्याला संगणक लागत नाही.

आता फ्रेमवर्क काय करते ते पाहू. ‘जँगो’ नावाचे पायथनमधील फ्रेमवर्क घ्या. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते तयार झाले आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. रोज नव्या बातम्या आणि नवी पाने लवकर तयार करावी लागत. त्या गरजेतून ते जन्मले. वाचकाने ‘या सभासदाकडे कोणती पुस्तके आहेत?’ अशी मागणी केली की पुढील टप्पे घडतात :

पहिला टप्पा – मागणीचा पत्ता पाहून ती कोणत्या फंक्शनकडे पाठवायची हे फ्रेमवर्क ठरविते.

दुसरा टप्पा – ते फंक्शन तक्त्यांशी बोलणाऱ्या भागाकडे माहिती मागते. या भागाला ‘मॉडेल’ म्हणतात.

तिसरा टप्पा – मिळालेली माहिती पानाच्या साच्यात भरली जाते. या साच्याला ‘टेम्प्लेट’ म्हणतात.

चौथा टप्पा – तयार पान वाचकाकडे परत जाते.

माहिती, तिचे दर्शन आणि नियंत्रण ही तीन कामे वेगळी ठेवण्याची कल्पना नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ साली मांडली. बहुतेक वेब-फ्रेमवर्कमध्ये ती वेगवेगळ्या नावांनी भेटते. म्हणून एक फ्रेमवर्क या चार टप्प्यांसह समजून घेतले की दुसरे शिकताना प्रश्न एवढाच उरतो : ‘हा टप्पा इथे कुठे आहे?’

४) सोय कुठवर रक्षण करते?

शोधाच्या चौकटीत लिहिलेला मजकूर विद्यार्थ्याने जशाच्या तसा डेटाबेसच्या प्रश्नात जोडला, तर एखादा खोडसाळ माणूस नावाऐवजी अवतरणचिन्ह आणि त्यापुढे स्वतःची अट लिहितो. प्रश्न कोणता आणि माहिती कोणती हे डेटाबेसला ओळखता येत नाही. मग सर्व सभासदांची यादी त्याच्यापुढे उघडी पडते. फ्रेमवर्क नेहमीच्या मार्गाने वापरले, तर ते प्रश्न आणि माहिती वेगवेगळी पाठविते आणि हा धोका टळतो. परंतु घाईत तो मार्ग सोडून आपण स्वतः शब्दांना शब्द जोडले, तर तेही रक्षण करू शकत नाही. सभासदांनी विश्वासाने दिलेली माहिती सांभाळणे ही आपली जबाबदारी आहे. ती फ्रेमवर्कवर टाकून मोकळे होता येत नाही.

५) दोन साधने पहिल्या दिवसापासून

पहिले साधन ‘गिट’. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. संस्थेच्या सभेचे इतिवृत्त असते, त्यात कोणता ठराव कधी आणि का झाला हे लिहिलेले असते. गिट हे कोडचे इतिवृत्त होय. काल चालत असलेली आज्ञावली आज बंद पडली, तर मधल्या काळात काय बदलले ते त्यात सापडते. मात्र प्रत्येक बदलाबरोबर ‘दुरुस्ती केली’ असे न लिहिता काय आणि का बदलले हे लिहावे.

दुसरे साधन चाचणी. समजा, पुस्तक १४ दिवसांत परत करायचे आहे आणि ते २० फेब्रुवारीला दिले. शेवटची तारीख कोणती? २०२३ साली ६ मार्च, पण २०२४ साली ५ मार्च, कारण ते लीप वर्ष होते. ही दोन्ही उत्तरे आधी हाताने काढून चाचणीत लिहून ठेवावीत. पुढे कोड कितीही बदलला तरी संगणक ती तपासून देतो. उत्तर काय यायला हवे हे ज्याला आधी सांगता येते, त्यालाच आपला कोड बरोबर आहे की नाही हे कळते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणात कोड लिहून देतात, म्हणून ही सवय अधिकच आवश्यक झाली आहे.

६) कार्यशाळा कशी असावी?

येथे आमचीच एक चूक सांगतो. आमच्या अभ्यासवर्गात पहिल्या तुकडीला आम्ही पडद्यावर कोड दाखविला आणि मुलांनी तो उतरवून घेतला. सर्वांची पाने चालली. सर्वांना आनंद झाला, आम्हालाही. पुढच्या रविवारी आम्ही कोरी फाइल दिली आणि तेच काम पुन्हा करायला सांगितले. कोणालाही पहिल्या चार ओळींपलीकडे जाता आले नाही. मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “सर, मले तं त्याच दिवशी समजलं नव्हतं. पण सगळ्यांचं चालत होतं, म्हणून मी काही बोलले नाही.” दोष मुलांचा नव्हता. आम्ही शिकविले नव्हते, फक्त दाखविले होते.

त्यानंतर इतरत्र काय करतात ते आम्ही पाहिले. १९९८ साली ग्रेग विल्सन यांनी आपल्या सहकाऱ्यासह अमेरिकेत सुरू केलेल्या ‘सॉफ्टवेअर कार्पेन्ट्री’च्या कार्यशाळांत प्रत्येकाला दोन रंगांच्या चिठ्ठ्या देतात. काम झाले की एक लावायची आणि अडले की दुसरी. हात वर करून सर्वांसमोर ‘मला येत नाही’ म्हणावे लागत नाही. हा उपाय जवळजवळ फुकटचा आहे. आमच्या वर्गात लाल चिठ्ठ्या दिसू लागल्या, तेव्हा कुठे आम्हाला खरा वर्ग दिसला.

‘जँगो गर्ल्स’ या उपक्रमाची पहिली कार्यशाळा जुलै २०१४ मध्ये बर्लिन येथे झाली. दोन पोलिश तरुणींनी ती सुरू केली. त्यांत लहान गट आणि प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक अशी पद्धत असते. संगणकाची भीती वाटणाऱ्या मुली स्वतःचे पान तयार करून घरी जातात. त्यांची पाठ्यपुस्तिका इंटरनेटवर विनामूल्य आहे.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचे पाठ, पडद्यावर इंग्रजी मजकूर आणि आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. एका बाजूला पाठ चालू ठेवायचा, तो थांबवायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करायचे. तज्ज्ञ शिक्षक मिळत नाही अशा गावासाठी ही पद्धत फार मोलाची आहे. इंग्रजी कच्चे आहे म्हणून प्रोग्रामिंग जमणार नाही, ही भीती तिने खोटी ठरविली. मात्र चुकीचा संदेश वाचण्यापुरते इंग्रजी शिकावेच लागते, हेही खरे.

आता आम्ही पुढील नियम पाळतो : एका संगणकावर दोघे बसतात, एक लिहितो आणि दुसरा वाचून तपासतो, वीस मिनिटांनी जागा बदलतात. कोड मुद्दाम मोडून दाखवितो आणि चुकीचा संदेश मोठ्याने वाचून घेतो. शेवटी कोरी फाइल देतो.

७) शुल्क भरण्यापूर्वी

पालकांना आमची विनंती आहे की कोणत्याही वर्गात पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. शिकणाऱ्याला स्वतः संगणकावर किती तास मिळतात? शेवटी तो स्वतःचे कोणते काम पूर्ण करून दाखविणार? फ्रेमवर्कच्या आधी भाषा आणि डेटाबेस शिकविणार काय? ‘नोकरीची हमी’ या शब्दांपेक्षा या तीन उत्तरांना अधिक किंमत आहे.

स्वाध्याय

१. लायब्ररी आणि फ्रेमवर्क यांतील फरक आपल्या घरच्या कामातील उदाहरणाने लिहा.
२. गावातील धान खरेदीच्या नोंदींसाठी तक्ते कागदावर मांडा. शेतकऱ्याचे नाव किती ठिकाणी येते ते पाहा.
३. कोणत्याही एका फ्रेमवर्कमध्ये वर सांगितलेले चार टप्पे शोधा आणि त्यांची नावे लिहा.
४. ३१ जानेवारीला दिलेले पुस्तक ‘एका महिन्याने’ परत करायचे असेल, तर तारीख कोणती धरावी? नियम आधी शब्दांत लिहा, मग चाचणी लिहा.

मित्रहो, कार्यशाळा संपल्यावर त्याच रात्री कोरी फाइल उघडा आणि दिवसभराचे काम वही बंद ठेवून पुन्हा करून पाहा. जिथे अडाल, तिथूनच तुमचा खरा अभ्यास सुरू होतो. वाचनालयाच्या नोंदी अजूनही कागदी वहीत आहेत. त्या संगणकावर आणण्याचे काम आपल्यातीलच एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून पूर्ण व्हावे, अशी आमची मनापासूनची इच्छा आहे.