उभ्या गाडीत बसलेला टायर

हा मजकूर लिहिण्यामागे निव्वळ परोपकाराची बुद्धी आहे, असा दावा मी करणार नाही. कोर्टाच्या बाररूममध्ये, लग्नकार्यात, आणि एकदा तर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत पाळण्याच्या रांगेत उभा असताना, ही हकीकत मी इतक्या जणांना ऐकवली आहे की विषय निघताच घरची मंडळी आता उठून आत जातात; तेव्हा ती एकदाची कागदावर उतरवून मोकळे व्हावे, आणि तिच्यामुळे एखाद्या जिम्नीवाल्याचे, थारवाल्याचे अथवा जुन्या जिप्सीवाल्याचे चार पैसे वाचले तर तेवढे पुण्य गाठीस बांधावे, इतकाच माझा हेतू आहे.

माझी गाडी पाच दारांची जिम्नी. कारखान्यातून ती 195/80 आर 15 या मापाचे टायर घेऊन येते. रोज सकाळी जुळे सोलापुरातून कोर्ट, सायंकाळी परत, आणि सवड सापडेल तेव्हा मंद्रूपच्या पलीकडील शेतापर्यंत जाणे-येणे, एवढी तिची चाकरी. शेताकडील अखेरची पांदण पावसाळ्यात कशी असते हे दक्षिण सोलापुरातील माणसास सांगावयास नको. तेथे गाडीचे पोट एकदोनदा घासले, म्हणून टायर थोडे उंच घ्यावेत, असा विचार मनात आला. त्यास भाच्याने दुजोरा दिला, आणि त्यानेच शहरातील एका दुकानाचे नाव सुचविले.

त्या दुकानदारास मी प्रथमच स्पष्ट बजावले होते की गाडीत कसलाही फेरफार केलेला नाही, पुढेही करावयाचा नाही, स्प्रिंग मूळच्याच राहतील, रिमही त्याच राहतील, आणि गाडी मिरवण्याची नसून रोजच्या वापराची आहे. याउपर 235/75 आर 15 या मापाचे टायर तीत बसतील काय, असा सरळ प्रश्न मी विचारला. उत्तर आले ते अस्सल सोलापुरी निश्चिंतीने : ‘‘काय होत नाही वकीलसाहेब! असल्या कितीक गाड्यांना बसवलोय मी. बिनघोर न्या.’’ गाडी दोन इंच उंच होईल, असेही त्याने वर सांगितले.

टायर चढवून झाल्यावर त्याने केलेली परीक्षा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दुकानाची फरशी सपाट, गाडी रिकामी, स्टिअरिंग नाकासमोर सरळ. अशा स्थितीत त्याने पुढच्या चाकावरील फटीत चार बोटे घातली, ती आडवी फिरवली, आणि ‘‘बघा की, हात जातोय!’’ असे म्हणून विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी तो असत्य बोलत नव्हता. हात जात होताच. परंतु फरशीवर रिकामी उभी राहण्यासाठी कोणी गाडी विकत घेत नाही, ही गोष्ट त्याच्या धंद्यातील मनुष्यास ठाऊक नसावी हे मला आजही पटत नाही.

पुढे एका पावसाळी संध्याकाळी, गाडीत पत्नी, बहीण, मेहुणे आणि खरेदीच्या पिशव्या असताना, नवी पेठेतील गर्दीतून बाहेर पडण्यासाठी मी स्टिअरिंग अखेरपर्यंत डावीकडे वळविले, पुढचे चाक एका खड्ड्यात उतरले, आणि दातांखाली खडा यावा तसा एक लांब कर्रर्र आवाज पायांखालून निघाला. मेहुण्यांनी ‘काही अडकले वाटते’ म्हणून खाली उतरून पाहिले. अडकलेले काहीच नव्हते. घरी आल्यावर बॅटरी घेऊन मी चाकाजवळ बसलो. मडगार्डच्या आतील काळे प्लास्टिकचे अस्तर एका जागी घासून चकचकीत झाले होते, त्यास धरून ठेवणारी एक खुंटी उपटून निघाली होती, बंपरच्या खालच्या कोपऱ्याच्या आत रबराचा बारीक भुगा चिकटला होता. आणि आतल्या अंगास, जो लोखंडी आर्म ॲक्सलला धरून ठेवतो त्याचा रंग उडून उघडा धातू दिसत होता. म्हणजे चाक बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून घासत होते, आणि आवाज ऐकू येण्यापूर्वीही घासत असले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. टायर चढविताना जो मनुष्य मला चहा पाजल्यावाचून सोडीत नव्हता, त्यास आता गल्ल्यावरून मान वर करण्याची सवड नव्हती. मी भुगा दाखविला. ‘‘एवढं होतंयच की साहेब,’’ तो म्हणाला. मग उपाय सुरू झाले : बंपरचा कोपरा कापून टाकू, स्टिअरिंगच्या स्टॉपरला वॉशर लावू, म्हणजे चाक तेवढे वळणारच नाही, ते नको असेल तर स्पेसर घाला, आणि खरे म्हणाल तर स्प्रिंगच उंच बसवून घ्या, माझ्या ओळखीचा एकजण आहे. फेरफार न करण्याच्या अटीवर घेतलेल्या मालासाठी चार फेरफार सुचविताना त्याच्या चेहऱ्यावर रेषाही हलली नाही. टायर परत घेण्याची गोष्ट काढताच त्याने बिलावरील छापील ओळीवर बोट ठेवले : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. सदोष माल परत घेण्यास नकार देणे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत जमा केले आहे, हे मला तोंडपाठ होते. पण येथे पंचाईत अशी की टायर पूर्णतः निर्दोष होते. सदोष होता तो सल्ला, आणि सल्ल्याचे बिल कोणी फाडीत नाही.

याहून झोंबलेली गोष्ट निराळीच आहे. माझे मूळचे चार टायर, ज्यांची नक्षीही पुरती झिजलेली नव्हती, त्याने ‘याला आता गिऱ्हाईक नाही’ असे सांगून अगदी कवडीमोलाने ठेवून घेतले होते. त्या दिवशी बाहेर पडताना ते चारही मला दाराशी रचलेले दिसले, पुसूनपासून काळेभोर केलेले, आणि दुकानातील पोऱ्या एका गृहस्थास त्यांची किंमत मला मिळालेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक सांगत होता. एका टायरच्या भिंतीवर आमच्या फाटकाचा निळा रंग तसाच होता, म्हणून ओळख पटली.

आता हिशेब. टायरवरील पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या शेकड्यात. तिसरा रिमच्या व्यासाचा, इंचांत. त्यानुसार मूळच्या टायरचा व्यास सुमारे 693 मिलिमीटर भरतो, आणि 235/75 चा सुमारे 733. वाढ झाली 40 मिलिमीटरची. परंतु गाडी जमिनीपासून उचलली जाते ती या वाढीच्या निम्म्याने, म्हणजे 20 मिलिमीटर. ‘दोन इंच’ कोठून आले हे दुकानदारच जाणे. ॲक्सलखालची जागा वाढविण्यास टायरवाचून दुसरा मार्ग नाही हे मी मान्य करतो. पण पाऊण इंचासाठी काय काय मोजावे लागते तेही पाहावे.

व्यास सुमारे 6 टक्क्यांनी वाढला, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तितकी अधिक पळते आणि मीटरला त्याची दाद नसते. मीटर जेव्हा 100 किलोमीटर प्रवास दाखवितो तेव्हा रस्ता जवळपास 106 झालेला असतो. वेगाचेही तेच, आणि महामार्गावरील कॅमेरा आपल्या मीटरची साक्ष काढीत नाही. मायलेज मोजताना ही चूक उलट्या बाजूने फसविते : मीटरवरील किलोमीटर धरून हिशेब केला तर इंजिन आहे त्याहून अधिक पेट्रोल पीत असल्याचा भास होतो. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून मगच तेलाचा हिशेब मांडावा. अर्थात तेल वाढतेच. टायर जड होते, आणि दीड लिटरच्या इंजिनाचा जोर उंच चाकामुळे जमिनीपर्यंत कमी पोहोचतो. तुळजापूरचा घाट पूर्वी ज्या गियरवर चढत असे त्यावर आता गाडी कुरकुर करू लागली. ब्रेकवरही तोच भार.

आणि ज्या चिखलासाठी हा उपद्व्याप केला, त्याची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. आमची काळी माती भिजली की चाकाला नुसती लागत नाही, थरावर थर चढवीत चाकच जाड करते. मूळच्या टायरभोवती मोकळी जागा असल्याने तो थर सुटून पडत असे. रुंद टायरभोवती ती जागाच न उरल्यामुळे माती अस्तर आणि रबर यांच्यामध्ये ठासून बसली, आणि पांदणीतच गाडी थांबवून खुरप्याने ती खरवडून काढण्याचा प्रसंग आला. लाल मुरुमाच्या अथवा वाळूच्या मुलखातील मनुष्याचा अनुभव ऐकून आपल्या काळ्या रानासाठी टायर निवडू नये.

तेव्हा ज्यास मूळच्या गाडीतच मोठे टायर घालावयाचे आहेत, त्याने चारही एकदम चढवू नयेत. प्रथम एकच पुढे चढवून घ्यावा, गाडीत चार माणसे बसवावीत, ते चाक फुटपाथच्या कडेवर अथवा ठोकळ्यावर चढवावे, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे अखेरपर्यंत वळवून गाडी पुढे आणि मागे न्यावी. हे होईपर्यंत जुने टायर दुकानदाराच्या हाती देऊ नयेत. किंबहुना नंतरही देऊ नयेत.

रिमची रुंदी पाहावी. जिम्नीची रिम साडेपाच इंच रुंद आहे, आणि 235/75 या मापास किमान 6 इंचांची रिम लागते. अरुंद रिमवर टायर आवळला जाऊन मध्यभागी फुगतो आणि तेथेच झिजतो. कोणत्या मापास किती रुंद रिम लागते याचे कोष्टक टायर बनविणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे असते. माझ्या दुकानदाराच्या भिंतीवरही ते टांगलेले होते. 215/75 आर 15 मात्र साडेपाच इंचांच्या रिमवर बसतो, आणि त्याचा व्यास मूळच्यापेक्षा जेमतेम 10 मिलिमीटर अधिक भरतो. शेवटी मी तेच घेतले, दुसऱ्या दुकानातून. आता काही घासत नाही.

पाचवा टायर विसरू नये. मागच्या दारावरील स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि पंक्चर झाल्यावर ती चढविली, तर फोर-व्हील ड्राइव्ह लावू नये. दोन मापांच्या चाकांची ओढाताण थेट गियरांवर येते. रोजच्या हलक्या गाडीला मालवाहू बांधणीचे, जाड भिंतीचे टायर घेऊ नयेत. हाडे खिळखिळी होतात. टायरवरील भारक्षमतेचा आकडा मूळच्यापेक्षा कमी नसावा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी भरलेल्या हवेचा आकडा फसवा असतो. किती हवा भरावी हे ठरविण्यासाठी टायरवर खडूची आडवी रेघ ओढून सरळ रस्त्याने थोडे अंतर जावे; रेघ मधूनच पुसली तर हवा जास्त, कडांनी पुसली तर कमी. विमा कंपनीस लेखी कळवावे, वॉरंटीची पुस्तिका वाचावी, दोनचार ठिकाणी चौकशी करावी, हे तर कोणीही सांगेल.

कापाकापीच्या आणि उंच स्प्रिंगांच्या सल्ल्याबद्दल एक इशारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मुभा नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तसाच निर्वाळा दिला आहे, आणि कलम 182-अ मध्ये मालकास प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हींची तरतूद आहे. दंड मालकास होतो. ‘काय होत नाही’ म्हणणाऱ्यास होत नाही.

म्हणून शेवटची तजवीज अशी की दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावे : गाडीचे नाव, मूळ रिम, मूळ स्प्रिंग, आणि ‘पूर्ण वळणावर, भरल्या गाडीत घासणार नाही’ एवढे शब्द, खाली सही. दुसऱ्या दुकानदाराने कुरकुर न करता ते लिहून दिले. दोन्ही बिले माझ्या दप्तरी आहेत. ज्यास पाहावयाची असतील त्याने कोर्ट सुटल्यावर यावे.