तळ्याकाठच्या सहलीला निघण्यापूर्वी



दिवाळी सरली, रानात हरभरा वर आला, की आपल्या धर्मग्रामात एक प्रश्न हमखास निघतो. मिस्सा संपवून लोक बाहेर पडतात आणि युवक-युवती फादरांभोवती गोळा होतात : "फादर, यंदा सहल कुठे?" कोणी हत्तीबेट म्हणतो, कोणी वडवळ नागनाथ, कोणी थेट बिदरकडचे नाव घेतो. दहा मिनिटांत ठिकाण ठरते, वर्गणी ठरते, जेवणाचा बेतही ठरतो. जे खरोखर ठरवायला हवे ते मात्र तसेच राहून जाते. म्हणून आजच्या पाठात सहलीचाच विचार करू.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीच्या आयोजकांत मीही होतो. तलाव, काठाला झाडी, छान सावली. जाताना आम्ही ५२ जण होतो. परतीच्या वेळी गाडीत मोजले तर ५१ भरले. सात वर्षांचा एक मुलगा नव्हता. आईला वाटले, तो मावशीबरोबर आहे. मावशीला वाटले, मोठ्या मुलांबरोबर खेळतो आहे. मोठ्या मुलांना वाटले, तो आईकडे जेवायला गेला. पुढची चाळीस मिनिटे मी विसरू शकत नाही. दोन तरुण कपड्यांनिशी पाण्यात उतरले होते आणि काठावर बायका रडत होत्या. शेवटी तो सापडला बांधाच्या पलीकडे, एका धनगराच्या पालाजवळ, मांडीवर कोकरू घेऊन बसलेला. त्याला काहीच झाले नव्हते. पण माझ्या हातातल्या वहीत फक्त कुटुंबप्रमुखांची नावे आणि जमा झालेली वर्गणी होती. मुलांची नावे मी लिहिलीच नव्हती. पैशांचा हिशेब चोख होता, माणसांचा नव्हता.

संत लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला तो प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. मरिया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले, कारण तो सोबतच्या मंडळींत कुठेतरी असेल असे त्यांना वाटले. मग नातेवाइकांत शोधाशोध झाली आणि तीन दिवसांनंतर तो मंदिरात सापडला. त्यांच्याइतके काळजी घेणारे आईबाप कोण असतील? तरीही असे झाले. सगळी ओळखीची माणसे बरोबर असली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष असेलच.

म्हणून पहिले काम वर्गणीचे नाही, यादीचे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एका मोठ्या माणसाचे नाव लिहावे. एका माणसाकडे चारांपेक्षा जास्त मुले नकोत, आणि त्या दिवशी त्याच्याकडे स्वयंपाकाचे किंवा खेळ घेण्याचे काम नको. घरच्यांचा फोन, मुलाला दमा किंवा फिट्स असल्यास तशी नोंद, मोठ्यांपैकी कोणाला साखरेचा त्रास असेल तर तेही त्याच कागदावर असावे. यादीची एक प्रत गावात राहणाऱ्या कोणाकडे तरी ठेवावी. मोजणी निघताना, उतरल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर आणि परत निघताना करावी. यातली जेवणानंतरची मोजणी सर्वांत महत्त्वाची, असे माझे मत आहे. तेव्हा मोठी माणसे सतरंजीवर आडवी होतात आणि मुलांना पाणी आठवते.

आता ठिकाण. आपल्या उदगीर तालुक्यातच देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. आपल्या भागात सपाट रानात एकट्या उठलेल्या टेकडीलाही बेट म्हणतात, त्यामुळे बाहेरून आलेला पाहुणा आधी पाणी शोधत बसतो! पाणीही जवळच आहे, देवर्जनच्या धरणाचे. बेटावर झाडी आहे, दगडात कोरलेली लेणी आहेत आणि गंगाराम महाराजांची समाधी आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्यांनी या बेटाचा आसरा घेतला होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, ही गोष्ट मुलांना शाळेपेक्षा तिथे बसून सांगितली तर अधिक कळेल. तिथे भाविक येत असतात. त्यामुळे आपला भोंगा आणि आपली हुल्लड समाधीपासून लांब ठेवणे हा साधा शेजारधर्म आहे. चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथ बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. तिथे गेलात तर मुलांना पाने दाखवा, पण घरच्या कुंडीसाठी रोप उपटून आणू नका.

ठिकाण कोणतेही असो, आठ-दहा दिवस आधी दोघा-तिघांनी जाऊन पाहणी केलीच पाहिजे. त्यांतली एक स्त्री असावी, याचे कारण पुढे येईल. गाडी कुठपर्यंत जाते, पिण्याचे पाणी कुठे आहे, फोनला रेंज कुठे मिळते, जवळचा सरकारी दवाखाना किती लांब आहे, हे पाहून यावे. धरणाची जागा पाटबंधारे खात्याची असते आणि झाडीची जागा वनविभागाची असू शकते. दोन्हीकडे आधी विचारावे, ग्रामपंचायतीलाही सांगावे. पण सर्वांत मोलाची माहिती देतात ते तलावात मासे धरणारे भोई आणि काठाला गुरे चारणारी पोरे. पाणी कुठे खोल आहे हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

या मुद्द्यावर थोडे थांबतो. आपल्या मराठवाड्यातल्या तळ्यांचा धोका नदीच्या धोक्यापेक्षा वेगळा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. त्या दुष्काळात तलाव कोरडे पडले आणि लोकांनी तळातला गाळ उपसून शेतात टाकला. २०१७ पासून तर गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजनाच आली. काम चांगलेच आहे. तलावात पाणी जास्त मावते, शेताला माती मिळते. पण जेसीबीने जिथे गाळ काढला तिथे खड्डे राहतात. पाऊस पडला की ते पाण्याखाली जातात आणि वरून काहीच दिसत नाही. काठापासून चार पावले गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला डोक्यावरून पाणी, असे होते. "गेल्या वर्षी आम्ही इथेच पोहलो होतो" या बोलण्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. गेल्या वर्षीचा तळ आज तसाच असेल असे नाही.

दुसरा धोका काळ्या मातीचा. पाणी ओसरलेल्या काठावर वरची पपडी वाळून फुटते, पण खाली लोण्यासारखा चिखल असतो. त्यात पाय गेला की मूल घाबरते, ओढाताण करते आणि आणखी रुतते. तिसरा धोका बांधावरच्या दगडी पिचिंगचा आणि सांडव्याचा. पाण्यालगतच्या दगडांवर शेवाळ असते. तिथे फोटो काढायला उभे राहायचे नाही, हे निघतानाच सर्वांना सांगून ठेवावे.

मग पाण्यात उतरायचे की नाही? माझे उत्तर युवकांना आवडणार नाही. सामुदायिक सहलीत कोणीही उतरू नये. "मला पोहता येते" हे उत्तर चालत नाही, कारण मोठा उतरला की लहान मागोमाग जातो. जुन्या पिढीने विहिरीत पोहायला शिकवले ते पाठीला डबा बांधून आणि बाप शेजारी ठेवून; पन्नास जणांच्या गर्दीत नव्हे. एक चांगला लांब दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोराच्या टोकाला बांधून काठावर तयार ठेवावा. कोणी पडलेच तर आधी आरडाओरडा करून माणसे जमवावीत आणि काठावरूनच कॅन फेकावा. दोर नसेल तर साडी, धोतर, लांब फांदी, जे मिळेल ते पुढे करावे. उडी मारू नये. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, गरगर फिरवणे हे आपल्याकडे अजून चालते. त्यात केवळ वेळ जातो. त्याला पाठीवर झोपवावे. श्वास चालत नसेल तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून, तोंडाने पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध तळहाताने तीस वेळा जोरात दाबावे, पुन्हा दोन श्वास द्यावेत, आणि मदत येईपर्यंत हे थांबवू नये. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होऊ शकतो. सहलीआधीच्या रविवारी एखाद्या नर्सताईंकडून हे सर्वांनी प्रत्यक्ष करून पाहावे. वाचून हात चालत नाहीत.

स्वयंपाकाबद्दल. आपल्या लातूर भागाला उघड्यावर जेवण घालणे कोणी शिकवायला नको. वेळ अमावस्येला अख्खे गाव रानात असते. भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर, आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. (त्या दिवशी मात्र सहल ठेवू नका. गाडी मिळणार नाही आणि निम्मी मंडळी कोणाच्या ना कोणाच्या शेतात असतील.) फरक इतकाच, की शेतातली चूल आपली असते आणि झाडीतली नसते. राखीव जंगलात जाळ करणे कायद्याने गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तर वणव्याचा हंगाम. शिवाय कड्याच्या कपारीत किंवा उंच झाडावर आग्यामोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात, आणि मग धावायलाही जागा सापडत नाही. त्यामुळे भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी, दही असे घरूनच बांधून न्यावे. पाहणीला गेलेल्यांनी वर मान करून मोहोळ आहे का ते बघावे. पाच हजारांच्या भोजनानंतर शिष्यांनी उरलेले तुकडे बारा टोपल्या भरून गोळा केले होते. आपण निदान पत्रावळी, ग्लास आणि कुरकुऱ्याच्या पिशव्या पोत्यात भरून परत आणू. ते पाणी खालच्या गावांचे पिण्याचे असते.

आता पाहणीला स्त्री का हवी ते. तळ्याकाठी बहुधा शौचालय नसते. पुरुषांना ते जाणवत नाही, म्हणून बैठकीत कोणी बोलत नाही. आणि आपल्या कितीतरी माय-माउल्या सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता दिवस काढतात, मग संध्याकाळी डोके धरून बसतात. जवळच्या शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे शौचालय उघडून मिळेल का, हे आधी विचारावे. नाहीतर चार बांबू आणि कनात बरोबर न्यावी. हे काम महिला मंडळावर ढकलू नये, आयोजकांनीच करावे.

गाडीसाठी एसटीचा प्रासंगिक करार हा चांगला मार्ग आहे. मालवाहू टेम्पो किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली स्वस्त पडते हे खरे, पण ती माणसे नेण्यासाठी नसतात, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळणे फार अवघड होते.

राहिला वर्गणीचा विषय, आणि तिथे एक दुखणे आहे. माणशी २०० रुपये ऐकायला थोडे वाटतात. पण आईवडील, आजी आणि तीन मुले असलेल्या घराला १२०० रुपये होतात. ते घर "आम्हाला जमणार नाही, गुरे आहेत" असे सांगते आणि आपण ते खरे मानतो. त्यापेक्षा घरटी ठरावीक रक्कम घ्यावी, आणि ज्यांना जास्त देता येते त्यांनी बंद पाकिटात द्यावे. कोणी किती दिले ते फक्त खजिनदाराला माहीत असावे. तारखेचेही तसेच. डिसेंबर-जानेवारीची हवा उत्तम असते, पण आपल्यातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबे तेव्हा कारखान्याच्या फडात असतात. दरवर्षी त्याच महिन्यात सहल ठेवली तर ती मुले दरवर्षी राहणार. एखाद्या वर्षी ती परतल्यावर, उन्हे तापण्याआधी, मार्चअखेरचा एक रविवार धरता येणार नाही का? पाणी कमी असेल, सावली विरळ असेल. चालेल. फक्त मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आले तर झाडाखाली थांबू नये, गाडीत बसावे. विजेची आगाऊ सूचना देणारे 'दामिनी' ॲप एकाच्या तरी फोनवर असू द्यावे.

येत्या समूह-बैठकीत कृपया ठिकाणावरून सुरुवात करू नका. आधी वही काढा, आपल्या वाडीतल्या मुलांची नावे एकेक करून लिहा, आणि प्रत्येक नावापुढे कोण उभे राहणार ते विचारा. वहीत जागा उरली तर फडावर गेलेल्या मुलांचीही नावे लिहा.