मुदतीचा भाव विचार

चिकपेट, बेंगळुरू

चि. बाळ,


तुझं पत्र पोचलं. बेळगावात घर मिळालं, संसार मांडताय, फार बरं वाटलं. पण 'वॉशिंग मशीन बिनव्याजी मिळतंय, महिन्याला फक्त 3,000' हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. रविवारी तू कागदावर सही करणार आहेस. त्याआधी मामाचं एवढं ऐक.

तू लहानपणी आमच्या पेढीवर येऊन गेली आहेस. केंपेगौडांनी 1537 साली वसवलेल्या पेठेतला हा रस्ता. कांचीपुरम, धर्मावरम, मोळकाल्मुरूच्या साड्या इथे गादीवर उलगडत असतात आणि मी कोपऱ्यात खातेवही घेऊन बसलेला. तीस वर्षं मी एकच गोष्ट पाहतो आहे. लग्नसराईच्या आधी हुबळीचे, कोल्हापूरचे, तुमच्या बेळगावचे दुकानदार खरेदीला येतात. त्यांतला जाणता माणूस आल्या आल्या उधारी मागत नाही. आधी साडीचा भाव पक्का करतो. मग विचारतो, "आठवड्यात पैसे दिले तर किती सोडाल?" जुने मुनीम या सुटीला कटमिती म्हणत.

समज, 1 लाखाचा माल आहे. 7 दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सूट, नाहीतर 45 दिवसांची मुदत. जो सूट सोडतो, तो 98,000 रुपये आणखी 38 दिवस वापरायला मिळावेत म्हणून 2,000 मोजतो. वर्षाचा दर काढलास तर जवळपास 20 टक्के! वहीत व्याज हा शब्द कुठेही नसतो, तरी ते दिलेलं असतं. बाळ, मुदत हाही मालच आहे. तो विकत घेतला जातो, म्हणून त्याचाही भाव करायचा असतो.

हे मला पेढीवर कळत होतं, घरासाठी खरेदी करताना मात्र मी विसरलो. तुझ्या मामीसाठी टीव्ही घेतला तेव्हा दुकानात मी एवढंच विचारलं, "कंतु किती?" कन्नडमध्ये हप्त्याला कंतु म्हणतात. हप्ता झेपणारा होता, मी सही केली. पुढे शेजाऱ्यांनी तोच टीव्ही त्याच दुकानातून रोखीने घेतला आणि मी एकूण भरणार असलेल्या रकमेपेक्षा बराच स्वस्त घेतला. मला कोणी फसवलं नव्हतं. रोखीचा भाव मी विचारलाच नव्हता.

आता तुझा हिशेब मांडू. मशीन 36,000 चं, 12 हप्ते, त्यांतले 4 सही करतानाच भरायचे. म्हणजे 12,000 तू त्याच दिवशी देणार. उधारी फक्त उरलेल्या 24,000 ची, आणि तीही 8 महिन्यांत फिटणार. हेच मशीन रोखीने 34,000 ला मिळत असेल आणि हप्त्यांसाठी वर 700 रुपये फाइल चार्ज असेल, तर 34,000 मधून हे आधी दिलेले पैसे वजा जाता तुला खरोखर वापरायला मिळाले 21,300 आणि फेडायचे 24,000. हे 2,700 जादा सरासरी साडेचार महिन्यांच्या उधारीसाठी गेले. वर्षाचा दर होतो 33 टक्क्यांच्या आसपास. आणि नाव काय, तर बिनव्याजी. सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते बऱ्याचदा प्रक्रिया शुल्कात दडवलेलं असतं.

म्हणून दुकानात गेल्यावर हप्त्याचं नावही काढू नकोस. आधी रोखीचा शेवटचा भाव कोटेशनवर लिहून घे. मग सावकाश म्हण, "आता हप्त्यांचं सांगा." दुकानात बसलेला फायनान्सवाला प्रतिनिधी महिन्याचा आकडा पुढे करील. तू एकूण किती भरायचे ते विचार. आगाऊ हप्ते किती, फाइल चार्ज किती, कार्डाची फी किती, विमा आणि वाढीव वॉरंटी न विचारता जोडलीय का, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हप्ता चुकला तर किती, हे एकेक करून विचार. सगळं एकदम कमी करा म्हणालीस तर नकार येतो. फाइल चार्ज सोडा, आगाऊ हप्ते 4 ऐवजी 2 करा, असं नेमकं मागितलंस तर काही ना काही पदरात पडतं. अशा योजनेत व्याजाचा भार बहुधा मशीन बनवणारी कंपनी किंवा दुकानदार उचलतो. तू रोख देणार असशील तर तेवढी सूट मागायला लाजू नकोस.

तुझ्या बाजूने एक नियमही आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जासाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, तेही तुला कळणाऱ्या भाषेत. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. त्यात नसलेला आकार तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आधी तो कागद माग, सही नंतर. क्रेडिट कार्डावर हप्ते करणार असशील तर मात्र हा कागद मिळणार नाही, आणि तिथे व्याजावर 18 टक्के जीएसटीही लागतो. ते आधीच मोजून ठेव.

हप्ते वाईटच असतात असं मी म्हणत नाही. सगळं धरून रोखीच्या भावाइतकेच पैसे जात असतील तर खुशाल घे, हातातली रक्कम अडचणीला राहील. फक्त हप्त्याची तारीख पगारानंतरची ठेव. आणि कधी ओढाताण झालीच तर तारीख उलटायची वाट पाहू नकोस, आधी फोन कर. आमच्या वहीत पैसे थकलेली खाती पुष्कळ होती. ज्यांनी तारखेआधी येऊन "शेठ, दहा दिवस द्या" म्हटलं, त्यांना पुढच्या मोसमात पुन्हा माल मिळाला. जे तोंड चुकवत राहिले, त्यांची खाती बंद झाली.

शनिवारी दुकानात जा, पण सही करू नकोस. रोखीचा भाव आणि सगळे आकार धरून हप्त्यांची बेरीज, हे दोन आकडे एका कागदावर लिहून आण आणि रात्री मला फोन कर. मी वही उघडून बसलेला असेन. दोघं मिळून वजाबाकी करू.

मामीचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
मामा