कोरडवाहू शेत व पळून जाणारें पाणी

बीड जिल्ह्यांतील आपल्या शेतकरी बंधूंशीं बोलूं लागलें म्हणजे बोलण्याचा ओघ लवकरच पावसाकडे वळतो. पाऊस आला नाहीं, किंवा अवेळीं आला, ही तक्रार खरीच आहे. परंतु जो आला त्यापैकीं किती आपल्या शेतांत राहिला, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाहीं. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं पुण्याच्या व सोलापूरच्या कांहीं अभ्यासकांनीं तोच विचारला. त्यांस काय आढळलें, तें या धड्यांत पाहूं.

आधीं एक साधा हिशेब. एक एकर शेतावर एक इंच पाऊस पडला, म्हणजे त्या शेतास सुमारें एक लक्ष लिटर पाणी मिळालें. आपल्या जिल्ह्यांत वर्षास साधारणतः २५ ते ३० इंच पाऊस होतो. इतकें असूनही माघांत ज्वारी करपते, तर हें पाणी गेलें कोठें?

याचा पद्धतशीर शोध १९२३ सालीं पुण्याजवळील मांजरी येथें ताम्हणे यांनीं आरंभिला. पुढें १९३३ ते १९३५ या अवधींत सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक येथें कोरडवाहू शेतीचीं संशोधन केंद्रें निघालीं. त्या काळीं आपला जिल्हा निजामाच्या राज्यांत असल्यामुळें आपलें केंद्र म्हणावें तर तें दूर रायचुरास होतें; पण जमीन व पाऊस यांचें साम्य पाहतां सोलापूरचाच अनुभव आपणांस अधिक उपयोगीं पडतो. या कामांत एन. व्ही. कानिटकर यांनीं पुष्कळ वर्षें घालविलीं व १९४४ सालीं हिंदुस्थानांतील कोरडवाहू शेतीवर ग्रंथ लिहिला.

आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते. पहिलें पाणी त्या भेगांतून खोल जातें. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी मुरण्याचा वेग अगदीं मंदावतो. नेमका आपल्याकडील जोराचा पाऊस सप्टेंबरांत येतो, आणि रब्बीसाठीं राखलेलें रान तोंपर्यंत उघडेंच असतें. मग मुरण्यापूर्वींच पाणी वाहूं लागतें, व जातांना वरची कसदार माती घेऊन जातें. शेतकऱ्याचें नुकसान असें दुहेरी होतें. पाणी पुढल्या वर्षीं पुनः येईल. माती येत नाहीं.

यावर त्यांनीं सांगितलेले उपाय असे: उताराला आडवे, समपातळीवर बांध घालावे, तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट करावी, शेणखत द्यावें, बीं थोडें वापरून ओळी दूर ठेवाव्या, आणि कोळपणी चुकवूं नये. यांतील बियाण्याची गोष्ट पुष्कळांस पटत नाहीं. दाट पेरलें तर अधिक पिकेल असें वाटतें. परंतु रब्बीची ज्वारी पेरणीनंतर बहुधा जमिनींत सांठलेल्या ओलीवरच जगते. कणगींत धान्य मोजकें असतां घरांत खाणारीं तोंडें वाढवावीं, तसें तें होतें. कोळपणीनें तण जातें हें सर्वांस ठाऊक आहे; पण वरची माती मोकळी होऊन भेगा बुजतात व खालची ओल उडून जात नाहीं, हा लाभ त्याहून मोठा.

याच सुमारास सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें शेतकऱ्यांच्याच जुन्या मालदांडी ज्वारींतून निवड करून मालदांडी ३५-१ हें वाण काढण्यांत आलें. तें अद्यापि आपल्या रानांत पेरलें जातें. विद्वानांनीं हें बीं परदेशांतून आणिलें नाहीं, आपल्याच खळ्यांतून वेंचून घेतलें, याची आम्हांस विशेष मौज वाटते.

परंतु या उपायांनीं सर्व दुःख गेलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. मुळांत उत्पन्नच हेक्टरी दोन ते चार क्विंटल. त्यांत या पद्धतीनें शेंकडा १५ ते २० एवढीच भर पडे. तितक्यानें सावकार थोडाच उठतो! हॅरल्ड मॅन व कानिटकर यांनीं पुणें जिल्ह्यांतील जातेगांव बुद्रुक या कोरड्या गांवाची घरोघर पाहणी करून ती १९२१ सालीं छापली, तेव्हांच बहुतेक कुटुंबांचा निर्वाह शेतीवर होत नाहीं असें दिसून आलें होतें. शिवाय एकच बांध सर्व जमिनींस मानवत नाहीं. पाटोद्याच्या हलक्या रानांत तो हितकर. पण गोदाकांठच्या खोल काळ्या जमिनींत समपातळीच्या बांधामागें पाणी तुंबतें, पीक सडतें, प्रसंगीं बांधही फुटतो. अशा जमिनीस पाण्याला हळूहळू वाट देणारा, किंचित् ढाळाचा बांध बरा, हें पुढील संशोधनानें दाखविलें.

आणखी एक अडचण आहे, ती मातीची नव्हे. पाण्याची पातळी आपल्या सातबाऱ्याची हद्द ओळखीत नाहीं. बांध नीट घालावयाचा तर तो चार जणांच्या शेतांतून जाणार, आणि चौघांचें एकमत होत नाहीं. म्हणूनच मुंबई प्रांतांत १९४२ सालीं जमीनसुधारणेचा कायदा करावा लागला. आज त्यांत नवी भर पडली आहे. कोळपणी व राखण यांच्या ऐन दिवसांत आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस गेलेलीं असतात. शेत पोसत नाहीं म्हणून माणूस जातो, आणि माणूस गेल्यामुळें शेत अधिकच पोसत नाहीं. हें कोडें कोणत्याही संशोधन केंद्रानें अद्याप सोडविलेलें नाहीं.

येत्या सप्टेंबरांत जोराचा पाऊस येईल तेव्हां वाचकांनीं आपल्या शेताच्या खालच्या कोपऱ्यास जाऊन वाहत्या पाण्याचा एक तांब्या भरून घ्यावा. तो रात्रभर न हलवितां ठेवावा व सकाळीं पाणी अलगद ओतून तळाशीं गाळ किती बसला तें पाहावें. वरच्या अंगाचा शेजारी गांवांतच असेल, तर त्यालाही बोलावून दाखवावें.