कर्करोग बरा झाल्यानंतरची काळजी

कर्करोग झाला म्हणजे माणूस गेलाच, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. पण बार्शीला, सोलापूरला किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात उपचार घेऊन पाच-दहा वर्षांनंतरही शेतात कामाला जाणारी माणसे आता अणदूर-नळदुर्ग भागात भेटतात. त्यांची संख्या वाढते आहे. उपचारानंतर काय जपायचे, हे मात्र घरात बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

रोग लवकर सापडला तर काय फरक पडतो, हे आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवले. १९९९ ते २००३ या काळात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या एका मोठ्या अभ्यासात होत्या. टाटा रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच एच.पी.व्ही. चाचणी करण्यासाठी निवडलेल्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. त्या अभ्यासातील स्त्रिया आज पन्नाशी-साठीच्या पुढे आहेत.

गर्भाशयमुखाला किरणोपचार घेतलेल्या बाईला काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, शौचातून किंवा लघवीतून रक्त जाऊ शकते. किरणांमुळे आतडे व मूत्राशय यांचे अस्तर नाजूक होते, म्हणून असे घडते. रोग उलटला असे धरून ती घाबरते, नाहीतर मूळव्याध समजून झाडपाल्याचे औषध घेते. दोन्ही चूक. तपासल्याशिवाय कारण कळत नाही, म्हणून लगेच दाखवावे. योनिमार्ग आक्रसल्याने संबंधाच्या वेळी त्रास होतो. त्यावरही उपाय आहेत. बाई हे कोणाला सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. नवऱ्यानेच सोबत येऊन विचारले तर फार बरे. हा रोग स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही. तरीही तिचे ताट-तांब्या वेगळे ठेवणारी घरे आहेत, याची मला चीड येते.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात पुढे कधीही सुजू शकतो. खुरपताना, सोयाबीन काढताना त्या हाताला काटा लागू नये म्हणून जाड कापडी मोजा घालावा. हात लाल, गरम झाला व ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हाताचे व्यायाम रुग्णालयातून शिकून घ्यावेत. काहींना गोळी पाच ते दहा वर्षे घ्यायची असते. बरे वाटते म्हणून ती परस्पर बंद करू नये.

तोंडाच्या कर्करोगानंतर जबडा आखडतो, म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा लागतो. किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काढू नये. जखम भरत नाही, हाड सडू शकते. आणि गुटखा, तंबाखू, मशेरी पुन्हा सुरू केली तर तोंडात दुसरा कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो.

फेरतपासणी साधारणपणे पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा असते. नेमके वेळापत्रक तुमचे डॉक्टर सांगतील. पेरणी किंवा लग्नसराईमुळे तारीख चुकली तर पुढच्या आठवड्यात जावे, वर्षभर थांबू नये. कर्करुग्णांना एस.टी. व रेल्वेच्या प्रवासभाड्यात सवलत मिळते, तिचे प्रमाणपत्र रुग्णालयातून मागून घ्यावे.

बायोप्सीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, किरणोपचाराचे कागद एका पिशवीत ठेवावेत आणि साध्या सर्दी-तापासाठी आमच्याकडे आलात तरी सोबत आणावेत. हरवले असल्यास नोंदणी क्रमांक सांगून रुग्णालयाकडे दुसरी प्रत मागावी.